उर्वरित भागात हवामान कोरडे राहील

हवामानाच्या कामात होते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या पिशवीत छत्री आहे का ते बघतो आणि मग 'तुम्ही पाऊस सांगितलात की आम्ही कपडे वाळत घालतो' हा विनोद करतो. हा विनोद मी माझ्या लग्नात ऐकला, निवृत्तीच्या समारंभात ऐकला, आणि परवा पेणच्या दवाखान्यात रक्तदाब मोजून घेताना डॉक्टरांच्या तोंडून ऐकला. रक्तदाब जास्त भरला. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. मी म्हटलं, तुम्ही विनोद कमी करा.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतले गमतीदार अनुभव' मागितले आहेत. गमतीदार अनुभव आहेत, ते लिहितेच. पण एक अनुभव गमतीचा नाही आणि बाकीचे सगळे विसरले तरी तो विसरत नाही. तेव्हा वाचकांनी फराळाचं ताट आधी संपवून घेतलेलं बरं.

रोह्याच्या अलीकडे, फाट्यावर उतरून कुंडलिका नदीच्या काठाने आत गेलं की एका शेतकी फार्मच्या आवारात आमचं हवामान सल्ला केंद्र होतं. 'होतं' अशासाठी की आता ते बंद झालं. केंद्र म्हणजे एक खोली, एक संगणक, एक साहेब (तेही अलिबागला बसणारे, महिन्यातून एकदा इकडे येणारे), आणि कुंपण घातलेला हिरवळीचा चौकोन. त्या चौकोनात चार पायांवर उभी असलेली पांढरी झडपांची पेटी. पेटीत तापमापक. त्यातल्या एकाच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळलेलं असतं. कोरड्या आणि ओल्या तापमापकातला फरक जितका कमी, तितकी हवा दमट. शेजारी पाऊस मोजायचं भांडं, त्यापलीकडे वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. रोज सकाळी हे सगळं वाचायचं आणि आकडे वर पाठवायचे. आमच्यासारख्या असंख्य ठिकाणांहून आकडे गोळा होतात, दिल्लीत देशाचा नकाशा तयार होतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांचा अंदाज उलट्या वाटेने मुंबईवरून आमच्याकडे येतो.

माझं खरं काम तिथून पुढे. अंदाज सांगतो काय होणार. तुम्ही काय करायचं, हे सांगतो तो सल्ला. 'आकाश अंशतः ढगाळ' एवढ्यावर वालवाल्याचं भागत नाही. त्याला सांगावं लागतं की बाबा, मळभ येतंय, शेंगेवर माव्याची कीड पडेल, रोज जाऊन पानं उलटी करून बघ. हे मोबाईलवर चार ओळींत बसवून नोंद केलेल्या लोकांना पाठवायचं, आणि मग दिवसभर त्यांचे फोन घ्यायचे.

पावसाळ्यात कोकणाला मान असतो. आंबा नदी नागोठण्यात शिरली की दिल्लीलाही नागोठणं माहीत होतं. हिवाळ्यात मात्र आम्हाला कोणी ओळखत नाही. हिवाळ्यातला देशाचा अंदाज वरून खाली वाचायचा असतो. आधी काश्मीर-हिमाचलचा बर्फ, मग पंजाब-हरियाणाचं धुकं, उत्तर प्रदेश-बिहारची थंडीची लाट, मग उडी मारून एकदम तामिळनाडूचा पाऊस. अंदमानचं नाव येतं, लक्षद्वीपचं येतं. आणि अगदी शेवटी एक ओळ येते: देशाच्या उर्वरित भागात हवामान प्रामुख्याने कोरडे राहील. त्या ओळीत पेण, त्या ओळीत रोहा, त्याच ओळीत गडब नावाचं माझं माहेर. माझी सगळी नोकरी उर्वरित भागात झाली.

या ओळीचा मला राग यायचा. कोरडं म्हणजे काही नाही असं दिल्लीला वाटत असेल, पण आमच्याकडे सगळी कामं कोरड्यातच असतात. भात निघाल्यावर त्याच शेतात वाल पेरतात. त्याला पाणी द्यायचं नाही, जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर तो वाढतो. पापड, मीठ, सुकी मासळी, लग्नाचे मांडव, विटा, सगळं त्या एका ओळीच्या भरवशावर उघड्यावर मांडलेलं असतं. आणि ती ओळ वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी खोटी ठरते. उत्तरेत बर्फ पाडणारी हवा पश्चिमेकडून येते, तिचं शेपूट कधीकधी खाली आमच्यापर्यंत लोंबतं, अरबी समुद्राची वाफ त्यात ओढली जाते आणि ऐन जानेवारीत गडगडाट होतो.

आता गिऱ्हाइकांचं सांगते.

पेणच्या पापडवाल्या बायकांचा फोन सकाळी सर्वांत आधी यायचा. "मॅडम, आज ऊन कडक हाय का मऊ?" जगातल्या कुठल्याही वेधशाळेत मऊ ऊन मोजायचं यंत्र नाही. पण पोह्याचा पापड कडक उन्हात वाकडा होतो आणि मऊ उन्हात दिवसभर वाळत नाही, हे मला कळायचं, म्हणून मी दोन तापमापकांतला फरक बघून उत्तर द्यायची. हंगाम संपता संपता पापडांचं एक पुडकं घरी यायचं. सरकारी नोकरीत मी घेतलेली ही एकमेव लाच.

गडबचे बाळूकाका माझ्या वडिलांचे शेजारी. त्यांना पाऊस, थंडी, वारा कशाशीच देणंघेणं नव्हतं. त्यांना दव पाहिजे असायचं. "काय गो सुनंदा, उंद्या दव पडंल का नाय?" मी म्हणायची, काका, देशाच्या अंदाजात दवाचा रकाना नाही. ते म्हणायचे, "मंग देशाला वाल नाय लागत का?"

एक मांडववाला शिक्का मारलेलं प्रमाणपत्र मागायला आला होता. रविवारी पाऊस पडणार नाही असं लिहून द्या.

"आणि पडला तर?" मी विचारलं.

"तर मुलीकडची मानसं तुमच्याकडं येतील. माज्याकडं नाय येनार."

मुंबईची फार्महाऊसवाली मंडळी पोपटीसाठी फोन करायची. पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उलटं ठेवून भोवती पेटवून द्यायचं. त्यांना शनिवारी थंडी नक्की आहे ना, हे हवं असायचं. एकाने तर नसली तर तारीख बदलून मिळेल का असं विचारलं. त्याला बहुतेक मी थंडी पुरवणारी कंपनी वाटले.

आणि सगळ्यांत जास्त चिडवलं ते एका शब्दाने. 'तुरळक ठिकाणी'. तुरळक ठिकाणी पाऊस म्हणजे चार गावांत एखाद्या गावाला. हे मी फोनवर समजावून सांगायची, पलीकडचा माणूस शांतपणे ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, "ता ठीक हाय मॅडम, पन त्या तुरळकात आमचा गाव हाय का नाय?"

हे लोक मला छळायचे, पण विचारायचे. आता माझ्या मोबाईलवर पेणचं हवामान दिसतं. पिवळा सूर्य, त्याखाली एक आकडा. त्याला मऊ की कडक विचारता येत नाही. आमचं केंद्र बंद करताना साहेबांनी सांगितलं की आता माहिती थेट लोकांच्या खिशात जाईल. मी विचारलं, ज्यांना खिसा नाही त्यांच्या कुठे जाईल? साहेबांनी माझ्या पुढच्या आयुष्याला शुभेच्छा दिल्या.

खिसा नसलेल्यांचीच गोष्ट आता सांगते.

फाट्यावरून केंद्राकडे चालत जाताना वाटेत नानाशेठची वीटभट्टी लागायची. दिवाळी झाली की सुधागडच्या बाजूच्या वाड्यांवरून कातकरी कुटुंबं तिथे यायची ती पावसाच्या तोंडापर्यंत राहायची. राहायला पेंढ्याच्या झोपड्या. त्यावर घालायला शेठ काळं प्लास्टिक द्यायचा. विटेचं काम बाहेरून सोपं दिसतं. माती भिजवायची, तुडवायची, साच्यात भरून सपाट जमिनीवर वीट पाडायची. ती आधी आडवी वाळते, मग उभी करायची, मग हवा खेळती राहील अशी थप्पी लावायची. चांगली वाळली की भट्टी रचायची. खालीवर कोळसा आणि भाताचा तूस भरून पेटवायची. भट्टीत जाईपर्यंत वीट म्हणजे चौकोनी चिखलच असतो. पावसाची एक सर पुरते.

आणि इथे एक रिवाज आहे, तो कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. कच्ची वीट पाडणाऱ्याची, भट्टीत गेलेली शेठची. म्हणजे वीट वाळत असताना विरघळली तर ती पडलीच नव्हती असं धरायचं. पाडणाऱ्याने पुन्हा पाडायची. हे कुठे लिहिलेलं नाही, पण कुंडलिकेपासून आंबा नदीपर्यंत सगळ्या भट्ट्यांवर सगळ्यांना पाठ आहे.

चांगुणा तिथे नवऱ्याबरोबर यायची. नवरा चंदर माती तुडवायचा, ती विटा पाडायची. वयाने माझ्याएवढी असेल, तिला नक्की ठाऊक नव्हतं. मी पाऊस सांगणारी बाई आहे हे तिला कोणीतरी सांगितलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली. तीही हसली म्हणून मला राग आला होता. पण दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी साचा हातात धरून मला वाटेवर गाठायला लागली.

"बाय, आज पाडू का?"

पाडलेल्या विटेला दोन दिवस ऊन हवं. मी आदल्या दिवशीचा अंदाज आठवून सांगायची, पाड. जवळजवळ रोजच पाड. एखाद्या दिवशी मळभ असलं की सांगायची, आज थोड्या पाड. ती मान डोलवून वळायची. माझा मोबाईलवरचा संदेश तिला कधी गेला नाही, कारण तिच्याकडे मोबाईल नव्हता. भट्टीवरचा नोंदलेला नंबर शेठचा होता.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांतला तो हिवाळा. एका सकाळी तिने मला वाटेवरून आत नेलं, भट्टीच्या मागे, नदीच्या बाजूला. तिथे आंब्याखाली एक वेगळी थप्पी होती, माझ्या खांद्याएवढी.

"ह्या माज्या हायेत," ती म्हणाली.

मला वाटलं ती रोजच्या कामाबद्दल बोलते आहे. मी म्हटलं, सगळ्याच तुझ्या आहेत.

"नाय गो बाय. माज्या म्हंजे माज्या. घराला."

तिचं वाडीवरचं घर कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं. इतकी वर्षं तिने विटा पाडल्या, रोह्यात आणि पेणेत त्यांच्या इमारती झाल्या, पण तिच्या घराला एक वीट नव्हती. त्या वर्षी तिने शेठला धरलं. दुपारची भाकरी खाऊन बाकीचे आडवे होतात तेवढ्या वेळात आणि बाजाराच्या दिवशी ती आपल्या विटा पाडणार, शेठने त्या पुढच्या भट्टीत वरच्या थरात भाजून द्यायच्या. माती शेठची, साचा शेठचा, पण तिने इतके हंगाम दुसऱ्या भट्टीचं तोंड बघितलं नव्हतं म्हणून शेठ हो म्हणाला. साच्यात शेठच्या नावाची दोन अक्षरं होती, ती प्रत्येक विटेवर उमटायची. तिने त्या अक्षरांशेजारी ओल्यावर अंगठा दाबून ठेवला होता. मला तिने एकेक वीट काढून अंगठा दाखवला. मी म्हटलं, कळलं बाई, तुझ्या आहेत.

जानेवारीत एका सकाळी मी पेटी उघडली. किमान तापमान एकदम चढलं होतं. कुंपणाच्या तारेवर दव नव्हतं. वाऱ्याचा बाण दक्षिणेकडे तोंड करून उभा. दोन्ही तापमापक एकमेकांच्या जवळ आलेले. मी आकडे पाठवले आणि संगणकासमोर बसले. त्या दिवशीचा देशाचा अंदाज आला तेव्हा शेवटच्या ओळीच्या वर आमचं नाव होतं. कोकणात तुरळक ठिकाणी गडगडाटासह हलका ते मध्यम पाऊस, उद्या दुपारनंतर. मुंबईच्या अंदाजात तर रायगडचं नाव स्पष्ट होतं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. उर्वरितातून आम्ही वर आलो होतो.

मी सल्ला लिहिला. वाल काढलेला असेल तर घरात घ्या, पापड घालू नका, मिठाच्या राशी झाका, कच्च्या विटा झाका. दहाच्या आत संदेश सगळीकडे गेला. मग मी स्वतः चालत भट्टीवर गेले आणि चांगुणाला सांगितलं. उद्या दुपारी पाऊस आहे. आज पाडू नको, उद्याही पाडू नको, आणि तुझी थप्पी झाक.

तिने आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. पण ती हसली नाही. "झाकू कशानं?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, शेठकडे ताडपत्री माग.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना पाहिलं तर भट्टीवर जत्रा. नानाशेठ स्वतः उभा राहून झाकून घेत होता. रचून तयार असलेली, अजून न पेटवलेली मोठी भट्टी, कोळशाचा ढीग, तुसाची पोती, वाळलेल्या थप्प्या. ताडपत्र्या, प्लास्टिक, जुने पत्रे, सगळं निघालं होतं. झाकणारे हात चंदरचे, चांगुणाचे आणि बाकीच्या कातकऱ्यांचे. मला पाहून शेठने लांबूनच हात जोडले.

"मॅडम, तुमचा मेसेज आला म्हनून वाचलो! नायतर मेलो होतो!"

मी आंब्याखाली गेले. थप्पी उघडी होती.

परत येऊन शेठला म्हटलं, नानाशेठ, तिच्या विटांवर एक ताडपत्री टाका.

"उरली तर टाकतो ना मॅडम. आधी भट्टी."

"घरासाठी आहेत हो तिच्या."

"माज्या काय देवळासाठी हायेत?" मग जरा मऊ होऊन म्हणाला, "मॅडम, तुमचं काम पाऊस सांगायचं. ता तुमी केलात. झाकायचं आमी बघतो."

नानाशेठ वाईट माणूस नव्हता, हे मला इथे लिहायलाच हवं. बाळंतिणीला त्याने स्वतःच्या गाडीतून रोह्याच्या दवाखान्यात नेलेलं मी पाहिलं आहे. तो वाईट असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं.

मी केंद्रावर न जाता तशीच रिक्षा करून रोह्याच्या बाजारात गेले. ताडपत्रीच्या दुकानात शटर अर्धं खाली. दुकानदार मला ओळखत होता. "मॅडम, तुमीच काल मेसेज केलात आनि तुमीच आज येता? काल दुपारीच सगळा माल गेला. भट्टीवाले, मांडववाले, सगळे रांगेत." तो खूश होता. पुढच्या वेळी आदल्या दिवशी मला कळवाल का, असंही त्याने विचारलं. दुसऱ्या दुकानात गेले, तिथेही तेच. माझा अंदाज बाजारभर फिरून माझ्या आधी ताडपत्री घेऊन गेला होता.

केंद्रावर परत आले. झाकण्यासारखं तिथे एकच होतं. भिंतीवर लावलेला आमचा मोठा फ्लेक्स: 'हवामान सल्ला शेतकऱ्यांच्या दारी', त्यावर हसरा शेतकरी, हसरा ढग आणि साहेबांचा फोटो. मी स्टुलावर चढून दोऱ्या कापल्या, गुंडाळी केली आणि भट्टीवर गेले.

आंब्याखाली चांगुणा एकटी होती. तिने आपल्या झोपडीवरचं काळं प्लास्टिक ओढून काढून थप्पीवर घातलं होतं आणि कडेने दगड ठेवत होती. झोपडीचा पेंढा उघडा पडला होता आणि आत तिची सून पोराला घेऊन बसलेली दिसत होती. मी म्हटलं, अगं, तुम्ही भिजाल.

"आमी सुकतो परत," चांगुणा म्हणाली. "ह्या नाय सुकत."

आम्ही दोघी मिळून उरलेल्या बाजूला फ्लेक्स अंथरत होतो तेवढ्यात शेठचा मुकादम आला. मोठ्या भट्टीच्या एका कोपऱ्यावर झाकण अपुरं पडलं होतं. त्याने थप्पीवरचं काळं प्लास्टिक पाहिलं आणि दगड बाजूला करायला लागला. चांगुणाने धरून ठेवलं. तो शेठला हाक मारायला लागला. शेठ आला. तो ओरडला नाही, रागावलाही नाही. त्याने अगदी हिशेबी माणसासारखं समजावलं.

"चांगुने, प्लास्टिक मी झोपडीला दिलंय. झोपडीवर हाय तवर तुजा. झोपडीवर नाय, तर मंग भट्टीला लागंल."

मी मध्ये पडले, वाद घातला. आवाज चढवला. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण शेवटी शेठ म्हणाला, "मॅडम, तुमचा फलक हाय ना, तो मी घेतो का? तो ऱ्हाऊ द्या तिला." आणि मुकादम प्लास्टिक घेऊन गेला. चांगुणा सोडत नव्हती तेव्हा चंदरनेच तिचा हात सोडवला. त्याला पुढच्या हंगामालाही तिथेच यायचं होतं.

पाऊस तीनच्या सुमारास आला. अंदाजात लिहिलं होतं तसाच, दुपारनंतर, गडगडाटासह. आम्ही फ्लेक्सच्या दोन टोकांना धरून उभ्या होतो. फ्लेक्स थप्पीच्या एका बाजूला पुरला, दुसऱ्या बाजूला नाही. विटा पडताना आवाज होत नाही. आधी कडा गोल होतात, मग अक्षरं जातात, मग अंगठे जातात आणि मग वरची वीट खालच्या विटेत बसते. माझ्या पिशवीत छत्री होती. ती उघडायचं मला सुचलंसुद्धा नाही.

सर थांबल्यावर चांगुणा चिखलाकडे पाहत म्हणाली, "तुजा पाऊस बराबर आला गो बाय."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. मी आयुष्यात दिलेला सर्वांत अचूक अंदाज तो, आणि तो अचूक ठरल्याबद्दल मला तिथेच मोठ्याने रडू आलं. रडले. चांगुणा रडली नाही. ती फ्लेक्सखालच्या वाचलेल्या विटा बोटाने दाबून बघत होती. एका भिंतीपुरत्या असतील.

वाचलेल्या विटा शेठने कबूल केल्याप्रमाणे भट्टीत वरच्या थराला लावल्या. विरघळलेल्या विटांची माती आंब्याखाली पसरली होती, ती चार दिवसांनी चंदर तुडवायला लागला. माती शेठची होती. तिच्या पुन्हा विटा पाडल्या, शेठच्या.

साहेब त्या आठवड्यात भलतेच खुशीत होते. वरून त्यांच्याकडे यशोगाथा मागितली होती. अंदाज वेळेत पोचला आणि कोणाचं तरी नुकसान टळलं, असं एक उदाहरण फोटोसकट पाहिजे होतं. नानाशेठ आयता मिळाला. मोठी भट्टी वाचली होती, माणूस बोलका होता. रोह्याच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. त्याचा सत्कार, साहेबांचं भाषण, माझं प्रास्ताविक. कार्यक्रमाच्या सकाळी साहेबांचा फोन आला. मागे लावायला केंद्रातला मोठा फलक घेऊन या, फोटोत तो दिसला पाहिजे.

मी भट्टीवर गेले. सकाळ स्वच्छ होती. झाडाचं पान हलत नव्हतं. भट्टी पेटली होती, तिच्यावरून धूर सरळ वर जात होता आणि काळं प्लास्टिक भट्टीशेजारी घडी घालून ठेवलेलं होतं. ते कोणी परत दिलं नव्हतं, तिनेही मागितलं नव्हतं. चांगुणाच्या झोपडीवर आमचा फ्लेक्स होता. हसरा शेतकरी, हसरा ढग, साहेब, सगळे आभाळाकडे तोंड करून.

ती साचा धुवत होती. मला पाहून उठली नाही. वाटेवर मला गाठणंही तिने त्या दिवसापासून बंद केलं होतं.

"पाटी न्यायला आलीस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, पुढे सगळं कोरडं आहे, हे सांगायला आले. खरंच होतं ते. आम्ही पुन्हा शेवटच्या ओळीत गेलो होतो. आता कितीही विटा पाडल्या तरी चालणार होत्या.

चांगुणाने साच्यात माती भरली, वरून हात फिरवला आणि वीट पाडली. शेठची दोन अक्षरं नीट उमटली आहेत ना ते पाहिलं.

"ता शेठला सांग, बाय," ती म्हणाली.

सभागृहात पोचल्यावर साहेबांनी पहिला प्रश्न केला, फलक कुठे आहे? मी म्हटलं, सर, वाऱ्याने गेला. काल-परवा मोठा वारा सुटला होता, फाटून नदीत गेला.

साहेब नाराज झाले. शेजारी नानाशेठ बसला होता, अंगावर शाल, मांडीवर नारळ. फलक त्याच्याच भट्टीवर, कोणाच्या झोपडीवर आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे वळला.

"व्हय साहेब," तो म्हणाला, "वारा लय होता."

साहेबांनी मान हलवली आणि विषय संपला. वारा शांत असल्याची नोंद परवा, काल आणि त्या दिवशी, अशा तिन्ही सकाळी मीच वर पाठवली होती. ती अजूनही दिल्लीत असेल. ती काढून बघावी असं कोणाला वाटलं नाही.